घोडी टेम्पोत चढते, पण गाडी हलली की बिथरते. सारंगखेड्यापर्यंत कशी न्यावी?

तांबडी_माती:
मारवाडी घोडी, 5 वर्षांची, उंची 60 इंच. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्यायची आहे. बारामतीहून अंतर 400 किमीच्या वर. टेम्पोचा हौदा 10 फूट लांब, साडेसहा फूट रुंद, तळाला लोखंडी पत्रा. बांधाला गाडी लावली की दोन मिनिटांत चढते. पण गाडी हलली की मान ताठ, अंगभर घाम, अर्ध्या तासात पातळ लीद. वळणावर तर बाजूच्या पत्र्यावर लाथांवर लाथा. सध्या तोंड पुढे करून, म्होरकी (तोंडाचा दोर) दोन्ही बाजूंनी आखूड बांधतो. हातात सहा आठवडे आहेत. गुंगीचं इंजेक्शन द्या असं सगळे सांगतायत. द्यावं का?

खरारा:
इंजेक्शनचं जाणकार सांगतील. आधी हौदा बघा.

चढताना अडत नाही, म्हणजे टेम्पोशी तिचं वाकडं नाही. पायाखालचा आधार सुटतो म्हणून ती घाबरते. घोड्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तोंड पुढे असताना ब्रेक लागला की तो आणखी पुढे जातो. मान उचलून ती तोल सावरायला बघते, तर आखूड दोर मान हलू देत नाही. वळणावर पाय फाकवायला जागा लागते. भिंत चिकटून असली की पाय भिंतीवर जातो, खाली घसरतो, पुन्हा वर जातो. तुम्हाला ज्या लाथा वाटतात त्या बहुतेक ह्याच. त्यासाठी तिला मारू नका.

तळाला भिंतीपासून भिंतीपर्यंत 18 ते 20 मिमी जाडीची रबरी मॅट टाका. पत्र्याचा पोकळ आवाजही त्याने मरतो. वर दोन इंच लाकडाचा भुसा, धूळ उडू नये एवढंच पाणी शिंपडून. नुसत्या पत्र्यावर पेंढा नको. लघवीने भिजला की पेंढ्यासकट पाय सरकतो.

दोन्ही बाजूंना छातीच्या उंचीवर बांबू, गोणपाट गुंडाळून. बांबूच्या खाली जागा मोकळी ठेवा. तिथे फळ्या ठोकल्या तर पाय फाकवता येत नाहीत आणि मूळ दुखणं तसंच राहतं. 1978 च्या जनावर वाहतुकीच्या नियमांत बांबू किमान 8 सेंमी व्यासाचा आणि मागे दोन भक्कम दांडे सांगितलेत. नियमाप्रमाणे डोकं डावीकडे, रहदारीपासून लांब हवं. साडेसहा फुटांत ती आडवी मावणार नाही. तिरपी उभी करा, तोंड मागच्या डाव्या कोपऱ्याकडे. ब्रेकचा धक्का मग पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या भरदार भागावर जातो. मात्र फाळक्याच्या (गाडीच्या मागच्या झडपेच्या) वर दांडे हवेतच, नाहीतर बाहेर उडी घ्यायला बघेल.

तोबरा:
वरच्या दुरुस्त्या झाल्याशिवाय सराव सुरू करू नका. घसरत्या तळावर सराव म्हणजे भीतीचाच सराव.

पहिला आठवडा ती मॅट पागेतच जमिनीवर टाका, तिच्यावरून चालवा आणि एका इशाऱ्यावर एक पाऊल मागे घ्यायला शिकवा. मग उभ्या टेम्पोत रोज 10 ते 15 मिनिटं, तोबऱ्यात कुट्टी. नंतर मागचा दांडा लावून. नंतर इंजिन चालू करून, गाडी जागेवरच. ती मान खाली करून चघळायला लागली की पुढची पायरी. चघळणं थांबलं की एक पायरी मागे या. आधी 200 मीटर, मग 2 किमी, मग 10. पाय आपटत असताना कधीच उतरवू नका, शांत झाली की उतरवा. नाहीतर आपटलं की सुटका होते हे ती पक्कं शिकते.

शहाणी जुनी घोडी सोबतीला असेल तर पहिल्या फेऱ्यांना न्या. पण निम्म्या फेऱ्या एकटीच्या करा, नाहीतर सोबत सुटली की पुन्हा तेच.

आणि क्रम चुकवू नका. आधी मागचा दांडा, मग दोर. उतरवताना आधी दोर, मग दांडा. उलट केलं की ती मागे जाते, दोर ताणला जातो, आणि घोडी दोर तुटेपर्यंत मागे ओढते. सुरगाठच मारा, तीही कडीला थेट नको. मध्ये सुतळीचा वेढा ठेवा, म्हणजे जोर आला तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

अश्ववैद्य_गावाकडचे:
गुंगी देऊन 12 तासांच्या प्रवासाला पाठवू नका. ॲसेप्रोमाझिन या गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, पाय सैल पडतात. आधीच भेदरलेल्या घोडीवर ते नीट लागूही पडत नाही. झायलाझिन या दुसऱ्या औषधाचा अंमल अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, तोवर ती झोकांड्या खाते. जिला तोल जायची भीती आहे तिचाच तोल आपण काढून घेतो.

आखूड दोर आजपासून बंद. मान तासन्तास वर राहिली की श्वासनळीतला कफ बाहेर पडत नाही, जंतू फुप्फुसात उतरतात, आणि बाजारात पोचल्यावर ताप भरतो. तोंड छातीच्या खाली येईल, पण दोरात पाय अडकणार नाही, इतका दोर सोडा. दर 3-4 तासांनी सावलीत थांबा, इंजिन बंद, दोर सोडून 20-30 मिनिटं मान खाली करू द्या. पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टर.

नियमात वेगाची मर्यादा ताशी 35 किमी आहे, म्हणजे थांबे सोडूनच 12 तास. दोन दिवस धरा, मनमाड-मालेगावच्या पट्ट्यात रात्रीचा मुक्काम ठरवून ठेवा. आरोग्य दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आधीच उरका, अहवालाला दिवस लागतात.

तांबडी_माती:
इंजेक्शन रद्द. मॅट उद्याच बघतो. प्रवासात ती पाण्याला तोंड लावत नाही, त्याचं काय? आणि हौद्यात मोतद्दार (घोडी सांभाळणारा माणूस) उभा ठेवू का?

अश्ववैद्य_गावाकडचे:
माणूस हौद्यात नको. ती पडली तर तो भिंत आणि घोडी यांच्यामध्ये सापडेल. केबिनच्या मागच्या खिडकीतून लक्ष ठेवा.

पाणी परकं लागतं म्हणून पीत नाही. आठ दिवस आधीपासून घरच्या बादलीत मूठभर गूळ विरघळवा. वाटेत तीच बादली, तोच गूळ. शिवाय घरचं 40 लिटर सोबत घ्या. निघण्याआधी चार तास चणा-भरडा बंद, सुका चारा चालू. पाणी कमी आणि दाणा जास्त झाला की पोटशूळ ठरलेला.

खरारा:
ड्रायव्हरला एक सांगा: ब्रेक लांबूनच हळूहळू दाबायचा, आणि वळण पूर्ण सरळ झाल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. काठोकाठ भरलेली बादली केबिनमध्ये ठेवून त्याला आधी 5 किमी रिकामी गाडी चालवायला लावा. पाणी सांडलं, तर घोडी चढवू नका.