कोरियाचा इतिहास: आधी काय वाचावं, मग कुठे उभं राहावं?

शिदोरी
ऑक्टोबरच्या मध्यावर आठ दिवस, मुक्काम सोलमध्ये. मालिकांमधली ठिकाणं नकोत. जोसन काळ (चौदाव्या शतकाच्या अखेरीपासूनची राजवट) नीट समजून घ्यायचाय, जमलं तर त्याआधीचं प्राचीन शिल्ला राज्यही. कोरियन येत नाही, इंग्रजी अनुवाद चालतील. निघायच्या आधी फार तर दोन पुस्तकं होतील. कोणती? आणि सोलचे पाचही राजवाडे बघण्यात अर्थ आहे का?

ताम्रपट
पाचही नकोत, तिसऱ्या राजवाड्यात सगळी छपरं सारखीच दिसायला लागतात. ग्योंगबोकगुंग 1395 चा, पण 1592 च्या जपानी स्वारीत जळाला आणि 1860 च्या दशकापर्यंत ओसाड पडून होता. पुन्हा उभा राहिला, तर वसाहतकाळात बराचसा पाडला गेला. आज दिसतं त्यातलं पुष्कळ अलीकडचं पुनर्बांधकाम आहे. दीड तास पुरे.

खरा वेळ चांगदोकगुंग आणि त्याला लागून असलेल्या चांगग्योंगगुंगला द्या. वाचायचं पुस्तक एकच: लेडी ह्येग्योंगच्या आठवणी. तिचा नवरा युवराज सादो. त्याला 1762 मध्ये खुद्द बापाने, राजा योंगजोने, तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं. हे घडलं चांगग्योंगगुंगमध्ये. दोन्ही राजवाड्यांमध्ये आतून दार आहे, तिथेच दुसरं तिकीट मिळतं. चांगदोकगुंगच्या मागच्या बागेचं तिकीट मात्र वेगळं, ठरावीक वेळेचं आणि मोजक्या माणसांचं. ऑक्टोबरात पानं रंगायला लागली की ते लवकर संपतं, तेव्हा ऑनलाइन आधीच घ्या.

सुट्टीचे वार पाहून ठेवा. हे दोन्ही राजवाडे सोमवारी बंद, ग्योंगबोकगुंग आणि जोंगम्यो (राजांच्या पूर्वजांचं देवस्थान) मंगळवारी.

बोरूबहाद्दर
पुस्तकाबद्दल सहमत, फक्त एक भर. त्यात चार वेगवेगळ्या आठवणी आहेत, 1795 ते 1805 मध्ये वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिलेल्या. पहिलीत ती पेटीचा प्रसंग जवळजवळ टाळते, 1805 च्या शेवटच्या भागात सगळं उघड सांगते. घाई असेल तर लोक थेट शेवटचा भाग वाचतात. तसं करू नका. आधीचं मौन वाचलेलं नसेल तर शेवटच्या भागाचा अर्धा जोर जातो. शिवाय ती माहेरच्या माणसांचा बचाव करतेय, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

नावांचा घोळ होईल, त्याची तयारी ठेवा. रोमन लिपीतलं कोरियन लेखन 2000 मध्ये बदललं. जुन्या पुस्तकातलं 'पुसान' नव्या पाटीवर 'बुसान' असतं, 'चोसन' असतं 'जोसन' आणि 'कोगुर्यो' असतं 'गोगुर्यो'. सुरुवातीचा प, च, क दिसला की ब, ज, ग करून शोधा. त्याहून बरं म्हणजे आठवडाभर बसून हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, शिका. मूळ अक्षरं 24 च आहेत, आणि बसच्या पाट्या वाचता आल्या की निम्मी अडचण संपते.

तटबंदी
ह्येग्योंग वाचलीत तर सोलच्या दक्षिणेचं सुवॉन शहर चुकवू नका. तिचा मुलगा राजा जोंगजो. त्याने बापाची कबर सुवॉनजवळ हलवली आणि 1794 ते 1796 मध्ये ह्वासोंगचा कोट बांधला. 1795 मध्ये आईची साठी केली तीही तिथल्याच राजवाड्यात. कोटाचं बांधकाम, खर्च, यंत्रं यांची सचित्र नोंदवही (उइग्वे) छापलेली होती. कोरियन युद्धात पडलेले भाग 1970 च्या दशकात तिच्या आधारे पुन्हा बांधले.

सोलहून मेट्रोची लाइन 1, साधारण तासाभराचा प्रवास. चुकतं ते इथे: गुरोला फाटा फुटतो, एक गाडी इंचॉनला जाते. डब्यावरचं शेवटचं स्टेशन पाहूनच चढा. सुवॉन स्टेशनपासून कोट दूर आहे, बस घ्या. पूर्ण फेरी पावणेसहा किलोमीटरची, अडीच-तीन तास धरा. दक्षिणेच्या पाल्दालमुन दरवाजापाशी भिंत तुटलेली आहे, दरवाजा रहदारीच्या मधोमध उभा. तिथून पश्चिमेला डोंगरावर जाणारा चढ सर्वांत खडा. तो सकाळीच उरकावा.

शिदोरी
आभारी आहे! शिल्लासाठी काय वाचू? आणि अयोध्येची राजकन्या कोरियात येऊन राणी झाली म्हणतात, ती गोष्ट कितपत खरी?

ताम्रपट
दोन्हींचं उत्तर एकाच ग्रंथात आहे: भिक्षू इर्योनचा 'सामगुक युसा', तेराव्या शतकातला. त्यात 'आयुता' देशाची राजकन्या इ.स. 48 मध्ये समुद्रमार्गे आली असं आहे, म्हणजे घटना आणि लेखन यांत बाराशे वर्षांचं अंतर. आयुता म्हणजे अयोध्याच, हे सिद्ध झालेलं नाही. गिम्हेतली तिची कबर बघायची तर कोरियन दंतकथेचं ठिकाण म्हणून बघा. बुसानहून लाइट रेल जाते.

आठ दिवसांत मात्र गिम्हेपेक्षा शिल्लाची राजधानी ग्योंगजू हिला दोन दिवस द्या. सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने सुमारे दोन तास, स्टेशन गावाबाहेर आहे, पुढे बस. किम देसोंगने या जन्मीच्या आईबापांसाठी बुलगुक्सा मंदिर आणि मागच्या जन्मीच्यांसाठी सोकगुराम हे गुहामंदिर बांधलं, ही कथा याच ग्रंथात आहे. ती वाचून मग बुलगुक्साला जा. तिथलं लाकूडकाम नंतरचं आहे, दगडी जिने आणि दोन्ही मनोरे आठव्या शतकातले. सोकगुरामचा बुद्ध काचेआडूनच दिसतो आणि फोटो काढू देत नाहीत.