पंपिंग ५५ झालं म्हणून गोळ्या बंद?

रानजाई

'सह्याद्रीचा पाईक' यांची परवाची पोस्ट वाचल्यापासून अस्वस्थ आहे. तिथे दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: त्यांच्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदयाचा स्नायू थकून हृदय फुगतं तो आजार) निघाली, पंपिंग २२, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं २२ टक्केच रक्त बाहेर ढकलत होतं. गोळ्या सुरू झाल्या, सोबत घरी अर्जुनसालीचा दुधातला काढा. आता एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ५५ आलं. दोन महिन्यांपूर्वी सगळ्या गोळ्या बंद केल्या, काढा तेवढा चालू आहे, दादा रोज पाच किलोमीटर चालतात. आणि शेवटचं वाक्य, 'बरं झालेलं गिऱ्हाईक डॉक्टरला परवडत नाही.' खाली अनुमोदनांची रांग. तिघांनी साल कुठे मिळते ते विचारलंय, त्यातल्या एकाच्या वडिलांचं पंपिंग ३० आहे. ते वाचून मला राहवलं नाही.

माझ्या भावाचं सांगते. साताऱ्याला त्याचं गॅरेज. २०१७च्या पावसाळ्यात दम लागायला लागला. सगळे म्हणाले दमा, तीन महिने इनहेलर ओढला. शेवटी एको केला तर पंपिंग २०. अँजिओ स्वच्छ, एकही ब्लॉक नाही, नुसता स्नायू थकलेला आणि हृदय फुगलेलं. गोळ्या लागू पडल्या. वर्षभरात ५२ झालं, आईने पेढे वाटले.

त्या दिवाळीत त्याने गोळ्या सोडल्या. कुणाला सांगितलं नाही. वहिनी महिन्याची औषधं आणायची आणि हा ती गॅरेजच्या खणात टाकायचा. चार महिने काहीही झालं नाही. उलट छान वाटत होतं त्याला, बीपी शंभरवरून वर आलं, चक्कर थांबली. होळीनंतर आडवं झालं की दम लागून उशा वाढायला लागल्या. आधी दोन, मग तीन, मग भिंतीला टेकून बसून झोप. मे महिन्यात अॅडमिट केलं तेव्हा पंपिंग २४. पुन्हा त्याच गोळ्या दिल्या, पण यावेळी ३८च्या वर गेलंच नाही. इतकी वर्षं तिथेच अडकलंय. गॅरेज आता पुतण्या बघतो.

गोळ्या सोडल्या तो महिना नोव्हेंबर २०१८. त्याच महिन्यात लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या टीआरईडी-एचएफ नावाच्या चाचणीचा निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. आम्हाला ती कळली खूप नंतर. नेमका हाच प्रश्न त्यांनी तपासला होता. ५१ जण, सगळ्यांचं पंपिंग एकेकाळी ४०च्या खाली गेलेलं आणि औषधांवर ५०च्या वर आलेलं. हृदयाचा आकार पूर्ववत, रक्ताची तपासणी चांगली, त्रास काही नाही. म्हणजे तुमच्या दादांसारखेच. २५ जणांच्या गोळ्या १६ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद केल्या. सहा महिन्यांच्या आत त्यातल्या ११ जणांचा आजार परतला. गोळ्या चालू ठेवलेल्या २६ मध्ये एकाचाही नाही. मग त्यांच्यातल्या २५ जणांच्याही थांबवल्या, तर आणखी ९ जण घसरले.

पाईकदादा, तुमचे दोन महिने झालेत. माझ्या भावाचे पहिले चारही असेच छान गेले होते.

सह्याद्रीचा पाईक

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्या घरची गोष्ट उचलून वेगळा धागा काढायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं.

आता तुमच्याच आकड्यांवर बोलू. २५ मधले ११ घसरले म्हणजे १४ घसरले नाहीत. निम्म्याहून जास्त लोक गोळ्यांशिवाय ठीक राहिले, आणि तुम्ही हा पुरावा माझ्याविरुद्ध दाखवताय? शिवाय ५१ माणसं म्हणजे आमच्या भावकीतल्या एका लग्नाची एक पंगत, तीही लंडनची.

दादा शेतकरी माणूस आहे. कार्व्हेडिलॉल सुरू झाल्यापासून उसात पाणी धरताना मध्येच बांधावर बसायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. स्पायरोनोलॅक्टोनने छाती सुजली, दुखायची, शर्ट काढायची लाज वाटायची त्याला. वर्षभर हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'चालायचंच.' तो आज मोकळा फिरतोय तर तुम्हाला का खुपावं?

रातपाळी

सरकारी रुग्णालयात मेडिसिनला आहे, म्हणून बोलतो.

१४ जण ठीक राहिले हे बरोबर. पण कोणते १४ हे आधी ओळखता आलं नाही, खरी अडचण ती आहे. आणि हे ठीक राहणं सहा महिन्यांपुरतं, पुढची हमी त्यात नाही. त्या लोकांना दर चार आठवड्यांनी बघत होते, मध्ये एमआरआय होत होते, घसरण दिसली की औषध परत सुरू. म्हणून एकही मृत्यू झाला नाही. तुमच्या दादांचा शेवटचा एको गोळ्या बंद करायच्या आधीचा आहे. नंतर केलाय का?

हे काही २०१८लाच कळलं असंही नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५मध्ये याच आजाराच्या सात रुग्णांना बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आवरणारं, कार्व्हेडिलॉलच्या जातीचं औषध) देऊन बघितला. तेव्हा थकलेल्या हृदयाला ते औषध देणं म्हणजे पाप समजत. रुग्ण सुधारले. पुढे त्याच गटाने ते औषध थांबवून पाहिलं तर रुग्ण पुन्हा बिघडले, तो लेख १९८०चा. अॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा हृदयावर सतत चालणारा चाबूक ती गोळी अडवून धरते. गोळी गेली की चाबूक परत सुरू.

छाती सुजली त्यावर 'चालायचंच' म्हणणाऱ्या डॉक्टरचं चुकलं. एप्लेरेनोन नावाची बदली गोळी आहे, तिच्यात हा त्रास फार कमी.

सह्याद्रीचा पाईक

सात रुग्णांवर तुमचं औषध उभं राहतं, मग आमच्या घरातल्या एका रुग्णावर अर्जुनसाल का नाही?

रातपाळी

सातांवर उभं राहिलं नाही, सातांवर शंका आली. उभं राहायला २४ वर्षं लागली. १९९९ची मेरिट-एचएफ चाचणी, ३९९१ रुग्ण, मेटोप्रोलोल (हाही बीटा ब्लॉकरच) घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी.

वैद्या

अर्जुनाला नावं ठेवणं सुरू होणार हे दिसतंय, त्याआधी बोलते. बीएएमएस आहे, तीस वर्षं प्रॅक्टिस आहे.

चक्रदत्त या आयुर्वेदाच्या ग्रंथात हृद्रोगावर अर्जुनसिद्ध दूध सांगितलंय, आणि तो ग्रंथ अकराव्या शतकातला. ओढ्याकाठी सादडा, म्हणजेच अर्जुन, उभा असतो त्याची साल. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर. हल्ली लोक चहासारखा दोन मिनिटं उकळतात आणि म्हणतात गुण आला नाही. बाजारात सालीच्या नावाखाली काय विकतात ते तर विचारूच नका, मी स्वतः तीन दुकानांतून माल परत केलाय.

आणि चाचण्या झाल्या नाहीत असं कुणी म्हणू नये. इंदूरच्या डॉक्टरांनी १९९५मध्ये कशालाच दाद न देणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या १२ रुग्णांना सालीचा अर्क दिला, प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीशी, तुलना करून. पंपिंग ३०च्या जागी ३५ मिळालं, दम कमी झाला. हे अॅलोपॅथीचेच डॉक्टर होते.

हिशेबी

वैद्याबाई, १२ रुग्ण आणि दोन-दोन आठवडे. पुढचंही सांगा की. दिल्लीच्या एम्समध्ये १०० रुग्णांवर दुहेरी अंध चाचणी (कुणाला औषध, कुणाला खोटी गोळी हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला) झाली, १२ आठवडे, रोज दोनदा ७५० मिलिग्रॅम, २०१६मध्ये छापून आली. पंपिंगमध्ये फरक शून्य. हे तुम्हाला ठाऊक नाही यावर माझा विश्वास नाही. ठाऊक असून गाळलंत.

वैद्या

गाळलं नाही, तिकडेच येत होते. त्याच एम्सच्या चाचणीत काही रुग्णांची चालण्याची ताकद आणि रोजचा त्रास यांत सुधारणा दिसली, ती तुम्ही गाळलीत. शिवाय तो सालीचा पाण्यातला अर्क होता. शास्त्रात दुधातला पाक सांगितलाय. चिंचेचं सार करून आमटी बेचव म्हणण्यासारखं झालं हे.

हिशेबी

दरवेळी हेच. निकाल आवडला तर विज्ञान, नाही आवडला तर 'कृती चुकली'. हृदयासाठी देतात ते डिजिटॅलिससुद्धा (आजचं डिगॉक्सिन त्यातलंच) झाडपाल्याचंच औषध. इंग्लंडात विदरिंगने १७८५मध्ये त्यावर लिहिलं, दोनशे वर्षं जगभर वापरलं, तरी १९९७मध्ये ६८०० रुग्णांवर ते पुन्हा तपासलं. निघालं काय, तर अॅडमिट होणं कमी होतं, आयुष्य वाढत नाही. डॉक्टरांनी ते निमूट मान्य केलं आणि डिगॉक्सिन मागच्या बाकावर गेलं. तुमच्या बाजूने असं एक तरी औषध कधी मागच्या बाकावर गेलंय?

वैद्या

६८०० रुग्णांची चाचणी करायला पैसा कोण देणार? सालीचं पेटंट निघत नाही, म्हणून कंपनी हात लावत नाही. सरकारी निधी मागायला गेलो की आधी आधुनिक पुरावा आणा म्हणतात. पुराव्यासाठीच तर निधी मागतोय! माझ्या गुरूंनी चाळीस वर्षं हाताने लिहिलेल्या रुग्णनोंदी ठेवल्या. त्या एका संस्थेत घेऊन गेले तर समोरच्या तरुणाने वही उघडलीसुद्धा नाही. त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलंय. तुम्ही इथे बसून हिशेब मांडा.

हिशेबी

वही उघडायला हवी होती. एवढं मान्य.

केमिस्टकाका

पेटंटचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन या हार्ट फेल्युअरच्या गोळीची मोठी चाचणी २०१४ची, आठ हजारांवर रुग्ण, त्यात आपल्या देशातलेही होते. आपल्या माणसांनी अंगावर चाचणी घेतली, आणि औषध दुकानात आलं तेव्हा महिन्याचं बिल हजारोंत. जानेवारी २०२३मध्ये पेटंट संपलं तोवर माझ्या काउंटरवर लोक 'काका, दहा दिवसांच्याच द्या' म्हणायचे. पुढचे वीस दिवस काय, हे मी विचारत नसे. आता जेनेरिक आलंय, आवाक्यात आलंय. डापाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या गोळीचंही तसंच, २०२०मध्ये पेटंट गेलं आणि भाव कोसळला. ज्याने गोळ्या सोडल्या तो प्रत्येकजण अडाणी नसतो हो, काहींनी पैशापायी सोडल्या. ते कुणी मोजलं नाही.

रानजाई

काका, हे पटलं. पण धागा सालीवर आणि पेटंटवर गेलाय आणि माझा प्रश्न तसाच पडून आहे. वैद्याताई, तुम्हालाच विचारते, कारण तुमचं ऐकलं जाईल. इंदूर असो की एम्स, त्या चाचण्यांत रुग्णांच्या चालू गोळ्या बंद केल्या होत्या का?

मिरजेची मावशी

माझी सून बाळंत झाली आणि पंधराव्या दिवशी पाय सुजले, रात्री बसून राहायची. मीच म्हणत होते, 'ओली बाळंतीण आहे, अंगात वारं शिरलं, शेक घ्या.' आठ दिवस शेक दिला मी. बाळंतपणातली कार्डिओमायोपॅथी होती ती. पंपिंग २५ निघालं. ते आठ दिवस मला अजून दिसतात.

तिचं वर्षात ६० झालं. डॉक्टरांनी सांगितलं की या प्रकारात पुष्कळजणी पूर्ण सुधारतात, अमेरिकेत १०० जणींचा अभ्यास झाला तेव्हा वर्षभरात ७२ टक्के जणींचं पंपिंग ५०च्या वर गेलं होतं. तिच्या गोळ्या त्यांनीच कमी केल्या, एकेक करत, दर वेळी एको बघून. शेवटची बीटा ब्लॉकरची अजून चालू आहे. म्हणजे गोळ्या कधीच कमी होत नाहीत असंही नाही पाईकदादा, पण बघणारं कुणीतरी लागतं. दुसरं मूल नको असं बजावलंय, त्यावरून घरात काय काय झालं ते लिहीत नाही.

वैद्या

रानजाई, नाही. दोन्हीकडे साल चालू औषधांच्या जोडीला दिली होती. गोळ्या थांबवून नुसत्या सालीवर कुणालाही ठेवलं नव्हतं. माझ्या दवाखान्यातही २५-३० पंपिंगचा माणूस आला तर मी त्याची एकही गोळी बंद करत नाही, सालीने बीपी आणखी उतरत नाही ना ते बघते. 'अर्जुनसाल घ्या, गोळ्या फेका' असं कुठला वैद्य सांगत असेल तर तो माझ्या शास्त्राचा नाही. हिशेबींच्या हाती कोलीत मिळालं याचा राग येतोय, पण आहे ते आहे.

हिशेबी

कोलीत घेत नाही. धन्यवाद.

सह्याद्रीचा पाईक

आम्हाला एका वैद्यांनीच सांगितलं होतं. नाव घेत नाही.

वैद्या

मग त्यांनी चूक केली. मी त्यांना पाठीशी घालणार नाही.

रानजाई

पाईकदादा, वहिनींना एवढंच विचारा, उशा किती लागतात. आणि सकाळी वजन. माझ्या भावाचं अंगात पाणी साठून आठवड्यात तीन किलो वाढलं होतं आणि आम्ही म्हणत होतो अंग धरलं.

सह्याद्रीचा पाईक

दोन दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर गिऱ्हाईक बनवतात हे माझं मत कायम आहे. छाती सुजलेल्या माणसाला 'चालायचंच' म्हणणाऱ्याकडे मी दादाला परत नेणार नाही. रातपाळींनी सांगितलेली बदली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना विचारतो. त्या १४ जणांत दादा नसेलच असंही मला कुणी सांगू शकत नाही.

वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, 'गेल्या आठवड्यापासून दोन घेतात, मान दुखते म्हणतात.' दादाची मान कधीच दुखत नव्हती.

एको शनिवारी सकाळी नऊला आहे. परवाच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य मी काढलंय. ज्यांच्या वडिलांचं पंपिंग ३० आहे त्यांना वेगळा निरोप पाठवलाय, गोळ्या बंद करू नका म्हणून. अजून उत्तर आलेलं नाही. कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांना फोन करा.