पन्हाळी साफ झाल्या का? आपापले अनुभव सांगा

निंबोळी: काल वळवाचा सपकारा येऊन गेला. पत्र्याचं पाणी पन्हाळीतून जायचं सोडून भिंतीवरून उतरायलं. शिडी लावून बघितलं तर काडीकचरा, चिमणीचं घरटं अन् वर हातभर पिंपळ! वडील आठवले. गावाकडं माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छत. रोहिणी लागल्या की वर पांढरी माती पसरायची, पन्हाळीत कोपरापर्यंत हात घालून गाळ ओढायचा, मग कळशीभर पाणी सोडून धार भिंतीपासून लांब पडते का ते बघायचं. त्याशिवाय खाली उतरायचे नाहीत. तुमच्याकडं काय करायचे?

औसा रोड: माळवद कुठलं आता. १९९३ च्या भूकंपानंतर मातीच्या छताखाली झोपायची कुणाची छाती होईना. पत्रे आले. आमची पहिली पन्हाळ तेलाचा डबा उभा कापून केलेली, गंजली तरी आजोबा बदलू देईनात.

गोदाकाठ: पिंपळ नुसता उपटू नका, मूळ राहिलं की परत येतो.

मोंढ्याजवळ: २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून आमची आई पन्हाळीला जपते. हजार चौरस फुटांवर १० मिलिमीटर पडला तर हिशोबानं ९०० लिटरच्या वर होतं, त्यातलं थोडं वाया जातं. पहिल्या पावसाचं बाहेर सोडायचं, पारव्यांनी छत घाण केलेलं असतं. नंतर पाइप हौदाकडं वळवायचा. पन्हाळीच्या तोंडाला जाळी हवीच.

सूनबाई: पारव्यांचं नाव काढू नका, आत्ताच गॅलरी धुतली 😤

गोदाकाठ: जाळीवर पानं साचली की तीच तुंबते. उतार बघा आधी, दहा फुटाला पाव ते अर्धा इंच. अन् वायर जवळ असंल तर लोखंडी शिडी लावू नका.

बीडचा पाहुणा: आमच्या पन्हाळीचं पाणी भावकीच्या अंगणात पडतं. साफ केली तर भांडण, तुंबली तर आमची भिंत ओली. काय करावं?

औसा रोड: एल्बो लावून तोंड आपल्या दारात फिरवा की.

बीडचा पाहुणा: मग बायको भांडती 😂

सूनबाई: निंबोळीताई, कचऱ्यातल्या निंबोळ्या फेकल्या का? फवारणीच्या अर्काला लागतात. ५ किलो वाळलेल्या, १०० लिटर पाण्याला.

निंबोळी: ताई नाही, दादा.

सूनबाई: अगंबाई! कुकर लावलाय, आले.