निप्पोनायटिस: शंख बिघडलेला की मुळातच तसा?

गुंतागुंत: दोन दिवस झाले निप्पोनायटिस मिराबिलिस या जीवाश्माचे फोटो बघतोय, डोक्यातून जातच नाहीये. अमोनाइट (स्क्विडचे नामशेष झालेले शंखवाले समुद्री नातेवाईक) म्हटलं की छान गोल गुंडाळलेला शंख, आणि हा म्हणजे लोकरीचा गुंता, नळी वर जाते, वळते, खाली येते, परत वर. दबून मोडलेला किंवा आजारी प्राण्याचा शंख तर नाही ना हा? आणि असलं ओझं घेऊन तो पाण्यात राहायचा कसा?

खडकवेडा: तुझी शंका जुनीच आहे रे. जपानी जीवाश्मतज्ज्ञ हिसाकात्सु याबेंनी १९०४ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा हाताशी एकच नमुना होता, त्यामुळे ही विकृती असेल असं लोकांना वाटलं. पण पुढे जपानच्या होक्काइदो बेटावर आणखी सापडत गेले आणि सगळ्यांची वळणं त्याच धाटणीची. फोटो मोठा करून नळीवरच्या बारीक वळ्या बघ, वळणावरसुद्धा सलग जातात, मोडलेल्या शंखात अशा दिसल्या नसत्या. वय साधारण ९ कोटी वर्षं. याबेंच्या त्या वर्णनाची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणून जपानमध्ये त्या दिवशी जीवाश्म दिन असतो.

तळठाव: पाण्यात राहायचं कोडं जीवाश्मतज्ज्ञ ताकाशी ओकामोतोंनी १९८८ मध्ये कॉम्प्युटरवर सोडवलं, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो. मागच्या कप्प्यांत गॅस असल्यामुळे शंख पाण्यात तोलला जायचा, पण वाढता वाढता तो कलतो आणि प्राण्याचं तोंड वर किंवा खाली जायला लागतं. ते एका मर्यादेबाहेर गेलं की वाढीची दिशा बदलायची, कधी डावा पीळ, कधी उजवा, मधे सपाट वळण. एवढ्याशा नियमातून अख्खा गुंता तयार होतो!

खडकवेडा: आणि कृपा करून याला अमोनाइटांच्या वंशाच्या ‘ऱ्हासाचं लक्षण’ म्हणू नका, जुन्या पुस्तकांत तसं असायचं. बॅक्युलाइट्ससारखे न गुंडाळलेले अमोनाइट पार शेवटपर्यंत, ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत टिकले होते.

गुंतागुंत: वायर घेऊन बसलो होतो. मनाला येईल तशी वाकवली तर नुसता गोळा झाला, मग टोक वर जायला लागलं की खाली, खाली गेलं की वर आणि दर वेळी बाजू बदलत गेलो, तर चौथ्या वळणाला चक्क फोटोतला आकार दिसायला लागला!! मिराबिलिस म्हणजे अद्भुत ना?

तळठाव: हो, आणि निप्पोन म्हणजे जपान. वायरचा फोटो टाक की.