मदत हवी आहे: ८०८० ढिम्म, नुसतीच तापते

घरचा_अल्टेअर: अल्टेअर या सत्तरच्या दशकातल्या किट कॉम्प्युटरच्या धर्तीवर छोटा कॉम्प्युटर करतोय. प्रोसेसर चिप इंटेलची ८०८०ए. वायरिंग दहादा तपासलं. पॉवर दिली की चिप तापते, बाकी शून्य. रविवारी पुतण्याला दाखवायचंय. गेली का चिप?

सोल्डरवाला: सप्लाय किती, कुठल्या पिनांना? क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारे ठोके, कुठून?

घरचा_अल्टेअर: मोबाइलचा चार्जर, ५ व्होल्ट. क्रिस्टल लावलंय की.

जुना_खोका: ८०८० चा नाद सोडा, झेड८० प्रोसेसर घ्या. एका ५ व्होल्टवर चालते, डायनॅमिक रॅमचं रिफ्रेश, म्हणजे मेमरी विसरू नये म्हणून सतत ताजी करणं, तेही तीच बघते.

सोल्डरवाला: खोकेभाऊ, हातात आहे तिचं बघू. ८०८० ला +५, -५, +१२ तिन्ही लागतात. क्रिस्टल कुठल्या पिनांवर?

घरचा_अल्टेअर: १ आणि २. ४० ला ५ व्होल्ट, २० ग्राउंड. पुस्तकात तसंच आहे!

डिप्लोमावाली: अहो, ते पुस्तक ८०८५ चं, इंटेलच्या नंतरच्या चिपचं! आमच्या लॅबमध्ये तेच किट होतं. हेक्स की-पॅडवर ३ई सारखे आज्ञांचे कोड बडवून बोटं दुखायची, आणि लाइट गेली की अख्खा प्रोग्राम गायब.

पासष्टशेदोन: १९७५ साली ६५०२ प्रोसेसर चिप पंचवीस डॉलरला मिळत होती. ८०८० आली तेव्हा तिचा छापील भाव ३६०. ॲपलचा पहिला कॉम्प्युटर ६५०२ वरच, ॲपल उगाच नाही झालं.

जुना_खोका: छापील भाव कोण देतं? अल्टेअर काढणाऱ्या मिट्स कंपनीने ८०८० घाऊक घेतल्या, ७५ ला एक. म्हणून तर अल्टेअरचं किट ३९७ ला निघालं.

निळा_पीसी: आयबीएम पीसीत ४.७७ मेगाहर्ट्झ का, तर टीव्हीच्या रंगासाठीचं १४.३१८ चं क्रिस्टल, भागिले तीन.

डिप्लोमावाली: हे कोणी विचारलं?

सोल्डरवाला: मुद्द्यावर येऊ. ८०८० मध्ये ग्राउंड पिन २, म्हणजे तुमचं क्रिस्टल ग्राउंडवर. -५ अकराला, +५ विसाला, +१२ अठ्ठाविसाला. -५ सगळ्यात आधी द्यायचा, सगळ्यात शेवटी काढायचा, नाहीतर चिप मरते. क्रिस्टल थेट चालत नाही, ८२२४ ही क्लॉकची चिप लागते. १८ मेगाहर्ट्झचं लावा, २ चा क्लॉक मिळेल. मग डेटाच्या आठही तारा रेझिस्टरमधून ग्राउंड करा. थेट नको, त्यांच्यावरूनच चिपचं स्टेटस (ती काय करतेय त्याची खूण) बाहेर येतं. शून्य म्हणजे नोप, 'काही करू नको' ही आज्ञा; चिप नुसती मेमरीचे पत्ते मोजत पुढे जाईल. चिप जिवंत असली तर ए१५ या सगळ्यात वरच्या ॲड्रेस तारेवरचा दिवा सेकंदाला साडेसात वेळा लुकलुकेल.

घरचा_अल्टेअर: माळ्यावर जुन्या पीसीचा सप्लाय आहे. पांढरी तार -५ ची ना?

सोल्डरवाला: हो. पण आधी मीटर लावा. आणि ते पुस्तक पुतण्याला देऊ नका.