अभिरूप राजकीय दौरा : सलामी, ध्वज आणि पाहुण्याचं भाषण

धरमपेठकर
आमच्या कॉलेजात अभिरूप राजकीय दौरा बसवतोय, म्हणजे परदेशी नेत्याच्या सरकारी भेटीचा प्रयोग. पाहुणे जपानचे पंतप्रधान. 21 तोफांची सलामी, चर्चा, संध्याकाळी दीक्षाभूमी. मंचावर दोन ध्वज. चुका कुठे होतात? पाहुण्याने भाषणात काय टाळावं?

राजशिष्टाचार
पहिली चूक सलामीतच आहे. 21 तोफा राष्ट्रप्रमुखाला. जपानात तो मान सम्राटांचा, पंतप्रधानांना 19.

ध्वजाच्या बाजूचा घोळ हमखास होतो, कारण मंडपवाला प्रेक्षकांत उभा राहून ‘उजवीकडे’ ठरवतो. मंचावरून प्रेक्षकांकडे तोंड केलं की तिरंगा उजव्या हाताला यायला हवा, म्हणजे बघणाऱ्यांना तो डावीकडे दिसेल. काठ्या वेगळ्या, उंची सारखी, माप सारखं. दोन्ही ध्वजांचं प्रमाण 3:2 आहे, त्यामुळे कापड जुळवायला त्रास नाही. टेबलावर 150 × 100 मिमी. पाहुण्यांची गाडी दाखवणार असाल तर तिरंगा उजवीकडे, त्यांचा डावीकडे.

सदरवाला
ध्वज चुकला तर सरळ करता येतो भाऊ, बोललेला शब्द नाही. जुलै 1967 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल कॅनडात गेले आणि माँट्रियलच्या नगरभवनाच्या सज्जातून ‘स्वतंत्र क्वेबेक चिरायू होवो’ म्हणाले. यजमान देशाच्या फुटीला पाहुण्याचाच पाठिंबा! पंतप्रधान पिअरसन यांनी ते अस्वीकारार्ह ठरवलं, आणि द गॉल ओटावाला न जाताच परतले.

म्हणून भाषण लिहून आणा. यजमानांचे अंतर्गत वाद, त्यांची निवडणूक, स्वतःच्या देशातला विरोधी पक्ष, यांतलं काही नको. चर्चेत न ठरलेला आकडाही नको. संयुक्त निवेदन अधिकारी आधीच तयार करतात आणि न जुळलेले शब्द चौकटी कंसात ठेवतात. तुमच्या नेत्यांना चर्चेत तेवढेच दोन-तीन कंस सोडवायला द्या, प्रयोग खरा वाटेल.

दीक्षाभूमीवर कराराची भाषा अजिबात नको. अभिप्राय वहीतला मजकूरही आधी ठरवा, तोही जाहीरच होतो.

यजमानानेही वादाचा मुद्दा बंद खोलीतच काढावा. कॅमेऱ्यांसमोर पाहुण्याला अडवलं की त्याला घरच्या लोकांसाठी ताठर बोलावंच लागतं.

धरमपेठकर
सलामी 19 केली. यजमान मंत्र्याला मिळालेली भेटवस्तू कुठे जाते?

राजशिष्टाचार
परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात, 30 दिवसांच्या आत. तिथे तिची किंमत ठरते. मंत्र्याच्या सचिवाची भूमिका कुणाला तरी द्या आणि वस्तू मंचावरच नोंदवून घ्या.