मदत हवी आहे: मुलीचे दोन्ही कान वाहतात, पण दिव्यांगाचा दाखला मिळत नाही

नमस्कार मंडळी,

मी धडगाव (जि. नंदुरबार) भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. दुसरीतल्या एका पावरा आदिवासी मुलीसाठी विचारते आहे.

तिचे दोन्ही कान वाहतात. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग असतात आणि वास येतो म्हणून बाकीच्या मुली तिच्याजवळ झोपत नाहीत. मागून हाक मारली तर वळत नाही, समोर उभं राहून बोललं की ओठांकडे बघत उत्तर देते. आमच्याकडे पहिलीत येणारी मुलं घरी पावरी बोलतात. त्यामुळे मूल गप्प बसलं की मराठी येत नसेल असंच सगळे धरून चालतात, आणि कमी ऐकू येणारं मूल त्यात लपून जातं.

जिल्ह्याला नेऊन तपासणी केली. दोन्ही पडद्यांना छिद्रं आहेत, ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या चाचणीत) श्रवणदोष ५० डेसिबलच्या आसपास आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल लागतात, म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून एडिप या केंद्र सरकारच्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतलं श्रवणयंत्रही नाही, तिथे ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मला हे अजिबात पटत नाही. पत्र्याच्या छपराखाली पाऊस वाजत असताना या मुलीला फळ्याजवळचं काय ऐकू येणार?

दाखल्याशिवाय उपचार कुठून होतील? आईवडील ऊसतोडीला गेलेत, शस्त्रक्रियेची संमती कशी घ्यायची? येण्याजाण्याचा खर्च तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून न्यूक्लिअस बजेट या त्यांच्या योजनेतून कुणी मिळवला आहे का?

प्रतिसाद

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. आधी दाखल्याचा नाद सोडा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून ० ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या ३० आजारांच्या यादीत बहिरेपणा आहे आणि कान वाहणंही आहे. तिथे टक्केवारी लागत नाही. शाळेत येणाऱ्या या कार्यक्रमाच्या आरोग्य पथकाकडून नोंद करून संदर्भ चिठ्ठी घ्या. पथक वर्षातून एकदाच येतं, तेव्हा वाट बघत बसू नका, ग्रामीण रुग्णालयात जाऊन त्यांना गाठा. पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतात.

पडद्याची शस्त्रक्रिया शक्यतो कान कोरडा झाल्यावर करतात, त्याला वेळ जातो. संमतीला आईवडीलच लागतील. ते होळीला गावी येतातच, तोवर औषधोपचार आणि कागद पूर्ण करा. कानात तेल, पाणी अजिबात नको. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घाला. वाहत्या कानात बसणारं यंत्र घालू नका, त्याने कान आणखी चिघळतो. तिला पहिल्या बाकावर, तुमचा चेहरा दिसेल असं बसवा.

प्रकल्प कार्यालयाचं मला माहीत नाही, इथे आश्रमशाळांतले बरेच जण आहेत, ते सांगतील. ऑडिओमेट्रीचा कागद, मुलीचं नाव झाकून, मला निरोपात पाठवाल का? त्यात हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या दोन रेषा असतात. त्यांच्यात अंतर किती आहे ते पाहिलं की शस्त्रक्रियेने किती फरक पडेल याचा अंदाज देता येईल.